ताप होता का, असं विचारलं तेव्हा

१९ जानेवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. पायांवर डोकं ठेवतो वगैरे लिहायची आपल्यात कधी सवय नव्हती, आणि आता पोटावरच्या शिवणीमुळे मला धड वाकताही येत नाही. तेव्हा उभ्या उभ्याच नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. भाऊजी दर वेळी घसा खाकरतात आणि सांगतात, "ती नर्सरीत आहे." सकाळी केला तरी नर्सरीत, भर दुपारी केला तरी नर्सरीत. परवा तर मागून तुझाच आवाज आला, "नाही म्हणून सांगा," तरी तू नर्सरीतच होतीस. नाकासमोर चालणारा माणूस तो. त्याला या वयात खोटं बोलायला किती शिकवशील?

आमच्याकडे सगळे बरे. चिमीचे पुढचे दोन दात पडलेत. 'सहा' म्हणताना शिट्टी वाजते हे तिच्या लक्षात आल्यापासून ती दिवसभर सहाचा पाढा म्हणते. ही शाळेच्या ऑफिसातून चारला घरी येते आणि आल्या आल्या खिडक्यांच्या जाळ्या तपासते. तिळाएवढं भोक सापडलं तरी आधी ते शिवते, मग चहा टाकते.

मी पंधरा दिवसांपासून दुकान उघडतोय. रोज दोनच तास. तोंडाला मास्क, हातापायांना डास पळवणारं मलम. पहिलंच गिऱ्हाईक आलं ते आपले कोपऱ्यावरचे शिंपी. त्यांच्या पायमशीनचं शटल अडकत होतं. मला पाहून म्हणाले, "मशीन दुरुस्त करताय की ऑपरेशन?" मी म्हटलं, ऑपरेशनचा अनुभव ताजा आहे, म्हणाल तर तेही करतो.

तुझी किडनी उत्तम चाललीय. परवाच्या रक्तात क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन आलं. डॉक्टर म्हणाले, "अगदी शहाण्यासारखी वागतेय." मी मनात म्हटलं, शहाणी कसली, ताईची आहे. पहाटे पाचला उठवते आणि कुणाचं ऐकत नाही. तुझी छत्री, तुझा सायकलचा पंप, तुझा कंपासबॉक्स, मी नेलेलं काहीच तुला परत मिळालं नाही असं तू कायम म्हणायचीस. त्या यादीत आता हीही धर.

ताई, भाऊजींनी एक गोष्ट मात्र न खाकरता सांगितली. तू नर्सरी मोडतेयस. कमळांच्या टाक्या उपड्या केल्यास, कमळं उन्हात टाकलीस. कुंड्यांखालच्या ताटल्या पोत्यात भरून भंगारात दिल्यास. हिरवं शेडनेटसुद्धा अर्धं उतरवलंस. रोज सकाळी जातेस आणि काहीतरी कमी करून येतेस. अकरा वर्षांपूर्वी त्या बस-डेपोच्या मागच्या दगडधोंड्यांच्या जागेत तू पहिल्या चाळीस काळ्या पिशव्या मांडल्यास, तेव्हा सगळे हसले होते. मीही हसलो होतो. आणि आता तिथली रोपं दोन शाळांच्या आवारात आणि अर्ध्या शहराच्या गॅलरीत आहेत.

का मोडतेयस ते मला कळतं. आरोग्य खात्याची माणसं आली, त्यांनी पळीने टाकीतलं पाणी उचललं, त्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या आणि कागदावर काहीतरी लिहून गेली. त्या दिवसापासून तू स्वतःच स्वतःचा खटला चालवतेयस. साक्षीदार तू, न्यायाधीश तू, आणि शिक्षा कमळांना.

पण तू त्या बुधवारी दवाखान्यातून गेलीस ती गेलीसच. त्यामुळे त्या आठवड्यात काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं मला सांगायचंय. विशेषतः एका बाईंबद्दल.

ऑपरेशन मंगळवारी झालं. शुक्रवारपर्यंत मी राजा होतो. शनिवारी ताप चढला, एकशे तीन. डोळ्यांच्या मागे कुणी अंगठे दाबतंय असं दुखत होतं. रविवारी लघवी कमी झाली, क्रिएटिनिन वाढायला लागलं. डॉक्टरांनी सगळे जंतू शोधले, काही सापडेना. डेंगीचीही तपासणी केली. ती आली निगेटिव्ह. मग सोमवारी सकाळी माझ्या पायाशी उभं राहून ते म्हणाले, "शरीर नवी किडनी नाकारतंय असं दिसतंय. तीन दिवस जोरदार डोस द्यावे लागतील."

हे डोस म्हणजे काय ते तुला सांगतो. किडनी परकी आहे हे शरीराला कळू नये म्हणून आम्हाला आयुष्यभर औषधं असतात, शरीराची पहारेकरी फौज झोपवून ठेवणारी. आमच्या मशीनमध्ये दोऱ्याच्या ताणाची चकती असते तसं हे आहे. घट्ट केली तर दोरा तुटतो, सैल सोडली तर खाली गुंतवळ होते. डॉक्टर म्हणत होते, चकती अजून घट्ट करू. शरीर नाकारत असेल तर तोच उपाय. पण आत एखादा विषाणू मोकाट फिरत असेल, तर उरलेले चार पहारेकरीही झोपवायचे आणि त्याला रान मोकळं करून द्यायचं.

सोमवारी दुपारी रक्त घ्यायला नेहमीची मुलगी आली नाही. प्रयोगशाळेच्या मुख्य बाई स्वतः आल्या. साठीच्या जवळ आलेल्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, चालताना डावी चप्पल कुरकुरते. त्यांनी रक्त घेतलं, मला काही प्रश्न विचारले आणि वरच्या मजल्यावर तुझ्याकडे गेल्या. तुझं डोकं फुटायची वेळ आली होती म्हणे, गुंगीचं औषध देऊन तुला झोपवलेलं होतं. नर्सने उठवू दिलं नाही. त्या परत खाली गेल्या.

संध्याकाळी मला पहिला डोस मिळाला.

मंगळवारी सकाळी डॉक्टर फेरीला आले, तेव्हा बाई त्यांच्या मागोमाग आल्या. हातात दोन छापील कागद आणि एक लाकडी पट्टी. माझ्या पलंगाच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या बाजूला सारला, दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि पट्टी एका ओळीखाली धरली.

"सर, हे यांच्या ताईंचं पंधरा दिवसांपूर्वीचं रक्त. प्लेटलेट दोन लाख साठ हजार. हे ऑपरेशनच्या दिवशी सकाळचं. एक लाख पंचावन्न."

"नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले.

"दोन्ही नॉर्मल आहेत. म्हणूनच कुणी पाहिलं नाही. पण पंधरा दिवसांत एक लाख कुठे गेल्या? आणि यांच्या आज सकाळी बत्तीस हजार आहेत."

"डेंगीची तपासणी केलीय, बाई. निगेटिव्ह आहे."

"ती तपासणी शरीराने केलेला प्रतिकार शोधते, सर. यांचं शरीर आपणच गप्प बसवलंय. ते काय सांगणार? थेट विषाणू शोधायला हवा. यांच्या रक्तात आणि ताईंच्याही. ऑपरेशनच्या दिवशीची ताईंची एक कुपी आम्ही गोठवून ठेवलेली असते. मी ती सकाळीच बाहेर काढलीय."

"दुसरा डोस अकराला आहे."

"थांबवा, सर."

ताई, त्या खोलीत डॉक्टरांचे दोन मदतनीस होते, नर्स होती, काचेच्या पलीकडे ही उभी होती. इतक्या मोठ्या डॉक्टरांना 'थांबवा' असं म्हणणारं मी कुणी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, हात जोडले नाहीत. पट्टी तेवढी तिथेच धरून उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी वाकून ती ओळ परत वाचली. त्यांचंही मला कौतुक वाटतं. चूक निघाली तर किडनी जाणार होती, आणि नाव त्यांचं लागणार होतं. ते म्हणाले, "चार वाजेपर्यंत. त्याच्या पुढे एक मिनिट नाही."

बाई तीन वाजून दहा मिनिटांनी आल्या. जिन्यावरून चढताना चप्पल नेहमीपेक्षा भरभर कुरकुरत होती, म्हणून मला दार उघडायच्या आधीच कळलं. दोन्ही नमुन्यांत विषाणू होता. एकाच प्रकारचा. किडनीबरोबर आला होता.

बुधवारी सकाळी तुला विचारलं आणि तू एका श्वासात सांगितलंस, "हो. शनिवार-रविवार ताप होता. गोळ्या घेतल्या, सोमवारी उतरला. मी सांगितलं नाही." मग कॉरिडॉरमध्ये ही तुला जे बोलली ते बोलली. "एवढं तरी सांगायचं होतं, ताई. यापेक्षा किडनी दिली नसती तर बरं झालं असतं." टाके काढायच्या आधीच पिशवी उचललीस आणि भाऊजींच्या खांद्याला धरून गेलीस.

मी काचेच्या आत होतो. सगळं ऐकू येत होतं.

पुढचं तुला माहीत नाही. या विषाणूवर औषध नाही. त्यांनी झोपवणाऱ्या औषधांपैकी एक बंद केलं, दुसरं कमी केलं आणि वाट पाहिली. प्लेटलेट अकरा हजारांवर आल्या. जखमेतून नळीवाटे रक्त यायला लागलं. दोनदा परत डायलिसिसला नेलं. बाई रोज सकाळी स्वतः रक्त घ्यायला यायच्या, आकडा सांगायच्या आणि जायच्या. धीर द्यायच्या नाहीत, चुकूनही नाही. अकरा. नऊ. बारा. मग एकदा म्हणाल्या, "एकोणीस," आणि पेन्सिल अंबाड्यातून काढून परत खोचली. त्यांच्या दृष्टीने तो आनंदाचा जल्लोष होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी लघवीची पिशवी भरली. नर्सने ती उचलून काचेतून हिला दाखवली आणि ही खाली बसून रडली. लघवी पाहून माणसं रडतात हे मला तेव्हा कळलं.

असं ते झालं. चिमी हाक मारतेय. उरलेलं उद्या लिहितो. उरलेलं फार नाही.


२१ जानेवारी, मंगळवार

ताई,

'उरलेलं फार नाही' असं लिहून उठलो आणि दोन दिवस पत्र मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. वर बॉबिनचा डबा ठेवला, म्हणजे दिसू नये. आज ते परत वाचलं. सगळं खरं आहे आणि तरी हे पत्र खोटं आहे. सोमवारी दुपारी बाईंनी 'काही प्रश्न' विचारले असं मी लिहिलंय. काय विचारलं ते लिहिलं नाही.

आधी ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून सांगतो.

दुपारी चारच्या सुमारास आपण दोघं त्या हिरव्या बाकावर बसलो होतो. संमतीच्या कागदावर सही करायची होती आणि माझं पेन चालेना. तू म्हणालीस, "पिशवीत आहे, घे." तू भाऊजींशी बोलत होतीस. मी पिशवीत हात घातला. पेन तळाशी होतं. त्याच्यावर तापाच्या गोळ्यांची पट्टी होती. दहातल्या सात संपलेल्या.

मी ती पट्टी पाहिली, परत ठेवली, पेन घेतलं आणि सही केली. पेन परत देताना तुझा हात हाताला लागला. गरम नव्हता, पण ओलसर होता, ताप उतरल्यावर असतो तसा. आई गेल्यावर माझे सगळे ताप तू काढलेस, मला तो घाम कळत नाही का?

अर्ध्या तासाने भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. त्यांच्या हातात छापील यादी होती. त्यांनी तुला विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत ताप, सर्दी, खोकला?" तू म्हणालीस, "काही नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच का पाहिलं कुणास ठाऊक. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. खाली एक माणूस हातगाडीवरून ऑक्सिजनची नळकांडी उतरवत होता. मी ती मोजली. नऊ होती.

ताई, तीन वर्षं आठवड्यातून तीनदा मी डायलिसिसच्या त्या खुर्चीत बसलो होतो. ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं, एकदा माझ्या छातीमुळे, एकदा तुझ्या रक्तदाबामुळे. तिसऱ्यांदा पुढे गेलं तर परत होणारच नाही असं मला वाटायला लागलं होतं. नळकांडी मोजताना मी तुझा विचार करत नव्हतो. ताप नुकताच उतरलेला असताना तुझं पोट फाडणार आहेत, तुलाही रक्तस्राव होऊ शकतो, हे माझ्या मनात आलंच नाही. आलं असं लिहिलं तर तेही खोटं होईल. मला किडनी हवी होती.

आता सोमवार. बाईंनी रक्त घेता घेता विचारलं, "तुमच्या ताईंना ऑपरेशनआधी ताप होता का?" मी म्हणालो, "नाही."

'आठवत नाही' सुद्धा नाही. 'नाही.' मी तेव्हा 'हो' म्हणालो असतो तर तो पहिला डोस दिलाच नसता. नंतर जे रक्त वाहिलं त्यातलं अर्धंअधिक त्या डोसाचं होतं, असं डॉक्टरांनीच सांगितलं. ते माझ्या जिभेचं रक्त होतं. तू ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खोटं बोललीस ते माझ्यासाठी. मी सोमवारी खोटं बोललो ते आदल्या सोमवारचं खोटं झाकायला.

आणि बुधवारी ही तुला बोलली तेव्हा मी काचेच्या आत मूग गिळून पडून होतो. काचेवर टकटक करायला फार ताकद लागत नाही. एक बोट पुरतं.

गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा प्रयोगशाळेत जाऊन बाईंना हे सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्या काचपट्ट्या पुसत होत्या. थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. 'नाही' म्हणताना तुम्ही सलाइनच्या बाटलीकडे पाहिलंत. म्हणून तर मी कुपी काढली."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलून प्लेटलेट वाढतात का? मला दोष नको होता, दिशा हवी होती." मग चष्मा वर सारून म्हणाल्या, "माझ्याजवळ कसली कबुली देता? ज्यांच्याजवळ द्यायची त्या वेगळ्या आहेत."

मग त्यांनी मला एक रजिस्टर दाखवलं. तुझ्या कुपीनंतर त्यांनी डॉक्टरांना धरून नियम बदलून घेतलाय. डासांच्या दिवसांत किडनी देणाऱ्या प्रत्येकाची, ऑपरेशनच्या आधी, थेट विषाणूची तपासणी. आणि प्रश्नही बदललाय. आता 'ताप होता का' एवढंच विचारून थांबत नाहीत. आधी सांगतात, "ताप असला तर ऑपरेशन रद्द होत नाही, चार आठवडे पुढे जातं. आता सांगा." डिसेंबरात एका वडिलांच्या रक्तात विषाणू सापडला. ताप नव्हता, काही नव्हतं. चार आठवडे थांबले. या महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या मुलीचं ऑपरेशन झालं. तिला साधी कणकणसुद्धा आली नाही. बाई म्हणाल्या, "तुमच्या ताईंना सांगा. त्यांचं रक्त फुकट गेलं नाही."

नर्सरीचंही मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डास कुठला होता हे तपासायचं यंत्र अजून निघालेलं नाही. तो त्यांच्या टाकीतला असेल, शेजारच्या डेपोतल्या टायरमधला असेल. टाकीत मासे सोडायचे, ताटल्या आठवड्याला कोरड्या करायच्या. झाडं कशाला मारायची?"

काल संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. पट्टी, खिडकी, 'नाही', सगळं. ती जाळी शिवत होती. टाका पुरा करून तिने दोरा तोडला. मग म्हणाली, "म्हणजे मी ताईंना बोलले ते सगळं तुम्ही आतून ऐकत होतात?" मी हो म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी एवढंच म्हणाली, "पत्र टाकायच्या आधी मला वाचायचं नाहीये. पण टाका." तिच्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. तिला माहीत होतं तेवढ्यावर ती बोलली. माहीत असून गप्प बसणारा मी होतो.

तुला आठवतं, तुला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर तासभर समजावत होते, किडनी देण्यातले धोके काय, विचार करायला वेळ घ्या, घरी चर्चा करा. तू म्हणालीस, "दोन आहेत, एकीवर चालतं म्हणता, मग चर्चा कसली?" आणि पदर खोचून निघालीस, रोपांना पाणी घालायची वेळ झाली म्हणून. डॉक्टर हसले. मी हसलो नाही. मला वाटलं, हिला भीती कशी ती ठाऊकच नाही. आणि आपण असे. मला आयुष्यात दोन माणसांसारखं व्हावंसं वाटलं, एक तू आणि आता त्या बाई. दोघींच्या जवळून गेलो आणि दोन्ही वेळा खाली पाहिलं.

माफ कर असं लिहीत नाही. ते तुझं तू ठरव. एवढंच म्हणतो, खटला चालवायचाच असेल तर आरोपीच्या पिंजऱ्यात सरकून जागा कर. आणि तिथे दोघं असलो तर कमळांना सोडून दे.

तुझ्याच जिवावर जगणारा आणि तुझ्या बाजूने एक शब्द न बोललेला,
तुझा टिल्लू


२७ जानेवारी, सोमवार

टिल्लू,

पत्र मिळालं. अक्षर सुधार.

आधी वाचलं तेव्हा राग आला. इतका की ह्यांना सांगितलं, याचा फोन आला तर खरंच मी नाही म्हणून सांगा. तुझ्या बायकोचे शब्द मी तीन महिने उशाशी घेऊन झोपले आणि तू आत पडून ऐकत होतास. मग संध्याकाळी परत वाचलं आणि छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. दोन्ही खरं आहे. राग अजून आहे. तो जाईल तेव्हा जाईल, तू त्याच्या मागे लागू नकोस.

पण तू एक चूक केली आहेस आणि ती दुरुस्त केल्याशिवाय मला झोप येणार नाही. तू लिहिलंस, मी तुझ्यासाठी खोटं बोलले. नाही. मी माझ्यासाठी बोलले.

मला भीती वाटत होती, टिल्लू. पहिल्या दिवसापासून. 'चर्चा कसली' म्हणून मी निघाले ते रोपांना पाणी घालायला नाही. डेपोच्या भिंतीआड जाऊन उलटी केली. पहिल्यांदा ऑपरेशन पुढे गेलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. दुसऱ्यांदा माझा रक्तदाब वाढला, तो भीतीनेच वाढला होता. तिसऱ्यांदा ताप आला, तेव्हा मला पक्कं माहीत होतं की आता आणखी चार आठवडे मिळाले तर मी पळून जाणार. काहीतरी निमित्त काढणार आणि तुला नाही म्हणणार. म्हणून सात गोळ्या खाल्ल्या. माझ्यातल्या त्या पळपुट्या बाईला वेळ मिळू नये म्हणून. तुझ्या त्या बाईंनी प्रश्न बदलला ते चांगलं केलं. पण मला त्यांनी 'चार आठवडे पुढे' असं सांगितलं असतं तरी मी कदाचित खोटंच बोलले असते. त्यांना हेही सांग. त्यांच्या रजिस्टरात लिहून ठेवायच्या कामाचं आहे.

हे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ते घसा न खाकरता म्हणाले, "मला माहीत होतं. तू झोपेत बडबडतेस." तेव्हा आपल्या घरात गप्प बसण्यात तू एकटाच तरबेज नाहीस.

तुझ्या बायकोला सांग, तिला मी स्वतः फोन करेन. तू मध्ये बोलू नकोस. चिमीला शिट्टीसाठी सातचा पाढा शिकव, त्यात 'सात'ही आहे आणि 'सत्तर'ही.

दोन टाक्या उरल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या आहेत. काल ह्यांनी पिशवीतून मासे आणले, बोटाच्या पेराएवढे. सोडल्याबरोबर कामाला लागले. पण उपड्या केलेल्या सात टाक्या उचलून सरळ करायला माझ्याच्याने होत नाही, पोटात ओढ बसते. तुझ्याच्यानेही होणार नाही. येत्या रविवारी ये, भर उन्हात, अंगभर कपडे घालून. तू एक बाजू धर, मी दुसरी धरते. जेवढी उचलेल तेवढी उचलू.

तुला वाटते तेवढी शूर कधीच नसलेली, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला लिहून न सांगणारी,
ताई